केस, दांत आणि घाम : पितृज कीं मातृज ?

मनुष्याच्या देहांत केसाइतकी लाडकी आणि केसाइतकीच उपेक्षित अशी दुसरी वस्तु क्वचितच सांपडेल. डोक्यावर आहे तोंपर्यंत त्याला तेल, फणी, वेणी आणि फूल यांचा मान. तोच केस पानांत आढळला कीं पान बाजूला सारलें जातें. 'केसभर अंतर' म्हणजे जवळजवळ अंतर नाहींच, आणि 'केसालाही धक्का लागूं देणार नाहीं' म्हणजे संपूर्ण रक्षणाची हमी. भाषेनें केसाला असें एकाच वेळीं क्षुद्र आणि अमोल ठरविलें आहे. शास्त्रज्ञ मंडळी प्रयोगशाळांत उंदरांच्या अंगावरील लव मोजीत बसतात हें ऐकून पुष्कळांना हंसूं येतें. टकलावर औषध शोधून पैसा मिळविण्याचा हा उद्योग असावा, असाहि कित्येकांचा समज होतो. परंतु उंदराच्या केसाचा माग काढीत गेलेल्या अशाच एका संशोधनाचा शेवट केशतेलाच्या बाटलींत न होतां, आईच्या पोटांत असलेल्या तीन बालकांना पुढें घाम येऊं लागण्यांत झाला. ती हकीकत वाचकांस सांगावी आणि तिच्यावरून आपल्या घरांतील कांहीं समजुती तपासून पाहाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्राचीनांची वांटणी

गर्भाला कोणता अंश पित्याकडून येतो आणि कोणता मातेकडून, हा प्रश्न आपल्या आयुर्वेदाचार्यांना पडलेला होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत त्याचें उत्तर आहे. केस, दाढीमिशा, अंगावरील लव, हाडें, नखें, दांत, शिरा, स्नायु, धमन्या, रेत इत्यादि जे स्थिर म्हणजे कठीण भाग ते पितृज. आणि मांस, रक्त, मेद, मज्जा, हृदय, नाभि, यकृत्, प्लीहा, आंतडीं इत्यादि जे मृदु भाग ते मातृज, अशी ती वांटणी आहे. कठीण तें बापाचें आणि मऊ तें आईचें, ही कल्पना मनाला चटकन् पटण्यासारखी आहे. आजहि मुलाचे दांत किंवा केस पाहून 'अगदीं बापावर गेला' असें आपण म्हणतोंच.

या वांटणींतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. केस आणि दांत हे दिसण्यांत व कामांत इतके भिन्न असतां आचार्यांनीं त्यांना एकाच पंक्तींत बसविलें. आधुनिक गर्भशास्त्राप्रमाणेंहि केस, दांत, नखें आणि स्वेदग्रंथि हीं सर्व गर्भाच्या बाहेरील थरापासून उद्भवणारीं भावंडें आहेत. एवढ्यावरून प्राचीनांना हें सर्व ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. कारण त्याच वांटणीचा दुसरा भाग, म्हणजे हीं द्रव्यें पित्याकडून येतात हा सिद्धान्त, पुढील हकीकतींत टिकत नाहीं.

सिंधमधील एक कुटुंब

चार्लस डार्विन यानें पाळीव प्राणी आणि वनस्पति यांच्यांत होणाऱ्या बदलांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या १८७५ च्या आवृत्तींत सिंधमधील एका हिंदु कुटुंबाची माहिती आहे. ती डार्विनला वेडरबर्न नांवाच्या गृहस्थानें कळविली होती. सिंध प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यास जोडलेला होता, तेव्हां त्या काळच्या हिशेबानें हें कुटुंब आपल्याच इलाख्यांतील म्हणावयाचें. या कुटुंबांत चार पिढ्यांत मिळून दहा पुरुष असे निपजले कीं, त्यांच्या दोन्ही जबड्यांत मिळून समोरचे लहान व दुबळे असे चार दांत आणि आठ दाढा, एवढेच दांत होते. त्यांच्या अंगावर लव फार थोडी होती आणि तरुणपणींच त्यांना टक्कल पडे. उन्हाळ्यांत त्यांची कातडी अतिशय कोरडी पडून त्यांना फार त्रास होई. पुढें १९२१ मध्यें थडानी नांवाच्या अभ्यासकानेंहि सिंधमधील अशा दंतहीन पुरुषांची माहिती 'जर्नल ऑफ हेरेडिटी' या नियतकालिकांत प्रसिद्ध केली.

दांत नाहींत म्हणजे चावण्याची अडचण, केस नाहींत म्हणजे रूपाची उणीव. परंतु खरें संकट तिसरेंच होतें. या पुरुषांना घाम येत नसे. घाम आपल्याला नकोसा वाटतो, परंतु देहाला थंड ठेवण्याचें मुख्य साधन तेंच आहे. मातीच्या माठाला पाझर फुटतो, तें पाणी हवेंत उडून जातें आणि आंतील पाणी गार राहतें. नेमकें तेंच काम घाम करतो. ज्याला पाझर नाहीं तो माठ उन्हांत तापतच जाणार. सिंधच्या उन्हाळ्यांत अशा माणसाचें काय होत असेल, याची कल्पना ओलें फडकें अंगाला लावून दुपार काढणाऱ्याला करतां येईल. मोठा माणूस सावलींत जाऊं शकतो, पाणी मागूं शकतो. पाळण्यांतील मुलाला तें साधत नाहीं. या विकारांत तान्ह्या मुलांना एकाएकीं तीव्र ताप चढतो, तो कशाचा हें कळत नाहीं आणि कांहीं मुलें त्यांतच दगावतात. आज वैद्यकांत या विकाराला 'हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेसिया' असें लांबलचक नांव आहे.

डार्विनच्या टिपणांत आणखी एक मुद्दा आहे आणि तोच आपल्या विषयाचा गाभा होय. त्या कुटुंबांतील एकाहि मुलींत हा दोष दिसला नाहीं. परंतु त्या निरोगी मुलींच्या पोटीं आलेल्या मुलग्यांत तो पुन्हा प्रकट होई. उलट, दोष असलेल्या बापाकडून तो त्याच्या मुलग्यांत उतरल्याचें एकहि उदाहरण नव्हतें. म्हणजे केस आणि दांत यांचा हा वारसा बापाकडून मुलाकडे न जातां आजोबाकडून मुलीच्या द्वारें नातवाकडे जात होता.

याचें कारण त्या काळीं कोणाला सांगतां येण्यासारखें नव्हतें. आज तें शाळेंतील मुलालाहि समजावितां येतें. आपल्या पेशींत गुणसूत्रें असतात. त्यांपैकीं 'एक्स' नांवाचीं गुणसूत्रें स्त्रीजवळ दोन असतात. पुरुषाजवळ एक 'एक्स' आणि दुसरें 'वाय' असतें. बाप मुलीला आपलें एक्स देतो आणि मुलाला वाय देतो. म्हणून मुलग्याचें एकुलतें एक एक्स हें नेहमीं आईकडूनच आलेलें असतें. दोषयुक्त जनुक त्या एक्सवर असल्यास मुलग्याजवळ त्याची भरपाई करणारें दुसरें एक्स नसतें. मुलीजवळ तें असतें. अशा वाहक मातेच्या प्रत्येक मुलग्याला हा विकार होण्याचा संभव निम्मा, आणि प्रत्येक मुलगी आईसारखी वाहक होण्याचाहि संभव निम्माच. विकार असलेल्या पुरुषाचे मुलगे मात्र सर्वस्वीं मोकळे, आणि मुली सर्व वाहक.

एडिंबरोचे पट्टेदार उंदीर

यापुढील कथाभाग स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरीं घडला. तेथील संशोधक डी. एस. फाल्कनर यांनीं १९५२ मध्यें उंदरांतील एका नव्या आनुवंशिक फेरफाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. हा फेरफार असलेल्या नर उंदरांच्या अंगावर नेहमींचे लांब, राठ केस नसत. कानांमागें तुळतुळीत टक्कल असे, शेपटीवर लव नसे आणि शेपटीचें टोंक मुडपलेलें असे. दाढा लहान व बेढब असत. उंदराला घाम फक्त पायांच्या तळव्यांनाच येतो. या उंदरांच्या तळव्यांत स्वेदग्रंथिच नव्हत्या. ज्या माद्यांजवळ हा फेरफार एकाच एक्सवर होता, त्यांच्या अंगावर मांजरासारखे आडवे पट्टे दिसत. म्हणून या वाणाला पट्टेदार मांजराचें इंग्रजी नांव 'टॅबी' हेंच देण्यांत आलें.

हे पट्टे कां पडावे ? या प्रश्नाचें उत्तर मेरी लायन या इंग्लिश विदुषीनें १९६१ मध्यें दिलें. तिनें उंदरांच्या अंगावरील अशाच चित्रविचित्र नमुन्यांवरून अनुमान बांधलें कीं, मादीच्या प्रत्येक पेशींत दोन एक्सांपैकीं एकच काम करतें व दुसरें मुकें होऊन बसतें. कोणतें मुकें व्हावयाचें तें गर्भावस्थेच्या आरंभीं चिठ्ठी टाकल्याप्रमाणें ठरतें, आणि एकदां ठरल्यावर त्या पेशीची सारी संतति तोच निवाडा पाळते. त्यामुळें वाहक मादीची कातडी दोन रंगांच्या सुतांनीं विणलेल्या लुगड्यासारखी असते. कांहीं पट्ट्यांत निर्दोष एक्स बोलतें, कांहींत सदोष.

हा नियम स्त्रियांनाहि लागू आहे. वाहक स्त्रीच्या पाठीवर आयोडीन लावून वर पिठूळ स्टार्च भुरभुरावें आणि तिला घाम येऊं द्यावा. जेथें घाम सुटतो तेथें काळे ठिपके उमटतात व जेथें ग्रंथिच नाहींत तेथें कातडी कोरी राहते. तिच्या पाठीवर असे पट्टे उमटलेले पाहिले म्हणजे तिला आपण 'निरोगी' म्हणून किती सहज बाजूला सारीत होतों हें ध्यानांत येतें. अशा पुष्कळ स्त्रियांचे केस विरळ असतात, एकदोन दांत आलेलेच नसतात. परंतु त्याबद्दल त्यांनीं कोणाजवळ तक्रार केलेली नसते आणि कोणीं त्यांना विचारलेलेंहि नसतें.

रोमकूप कसा घडतो

प्रयोगशाळेंतील पुढचें काम समजण्यासाठीं रोमकूप म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. आपण ज्याला केस म्हणतों तो निर्जीव तंतु आहे. जिवंत आहे तो कातडींतील त्याचा कूप. मनुष्याच्या सबंध अंगावर असे सुमारें ५० लाख रोमकूप असतात आणि त्यांपैकीं लाखभर डोक्यावर. हे सर्व जन्मापूर्वींच घडतात. जन्मानंतर सामान्यतः नवा रोमकूप होत नाहीं. गर्भाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास भुंवया व ओंठ यांच्या भागांत त्यांना आरंभ होतो आणि पांचव्या महिन्याच्या अखेरीस बहुतेक सर्व मांडणी पुरी झालेली असते.

कातडीचे दोन थर असतात. वरच्या थरांतील कांहीं पेशी ठराविक अंतराअंतरावर एकत्र जमून एक लहानशी जाड चकती बनते. तिला आपण अंकुर म्हणूं. तिच्या बरोबर खालीं आंतल्या थरांतील पेशींचाहि पुंजका जमतो. मग वरचा अंकुर खालच्या पुंजक्याला निरोप पाठवितो, खालचा पुंजका वर निरोप पाठवितो, आणि या देवघेवींतून अंकुर खोल उतरून त्या पुंजक्याला कवेंत घेतो. हाच रोमकूप. दांत आणि स्वेदग्रंथि यांचा आरंभहि जवळजवळ असाच होतो. पुढें त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

हे निरोप म्हणजे पेशींनीं बाहेर सोडलेलीं प्रथिनें होत, आणि कोणतें प्रथिन कधीं करावयाचें याची आज्ञा जनुकांत लिहिलेली असते. एखादें जनुक नाहींसें केलेला उंदीर घडवावयाचा आणि त्याच्या कातडींत काम कोठें अडलें तें पाहावयाचें, ही प्रयोगशाळेची रीत. 'सॉनिक हेजहॉग' नांवाचें जनुक नसलेल्या उंदरांत अंकुर बनतात परंतु खालीं उतरत नाहींत, असें १९९८ मध्यें आढळून आलें. त्याच वर्षीं शिकागो येथें एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेंत उलट प्रयोग झाला. रोमकूप आरंभ करणारी 'बीटा-कॅटेनिन' नांवाची आज्ञा उंदराच्या कातडींत सतत चालू ठेवली. त्या संशोधकांत रामानुज दासगुप्त हे भारतीय नांवाचे विद्वानहि होते. मोठ्या उंदराच्या कातडींत नवे रोमकूप उगवले खरे, परंतु त्यांबरोबर केसांच्या गांठीहि झाल्या. अति तेथें माती, हा नियम रोमकूपालाहि सुटलेला नाहीं. टकलावरील रामबाण औषधाच्या जाहिराती वाचतांना हा प्रयोग आठवावा.

तीन उंदीर आणि एकच निरोप

आतां टॅबी उंदराकडे परत येऊं. सिंधमधील पुरुष आणि एडिंबरोचा उंदीर यांचीं लक्षणें इतकीं जुळतीं होतीं कीं, दोहोंचें मूळ एकच असावें असा तर्क साहजिकच होता. मनुष्यांतील जनुक १९९६ मध्यें सांपडलें. त्याचा पत्ता लागण्यास ज्या कांहीं थोड्या स्त्रियांत हा विकार पूर्ण स्वरूपांत होता त्यांचा उपयोग झाला. त्यांचें एक एक्स गुणसूत्र मोडून दुसऱ्या गुणसूत्राला जोडलें गेलें होतें, आणि जेथें तें मोडलें तेथेंच हें जनुक होतें. युहा केरे, आनंद श्रीवास्तव आणि त्यांचे अनेक सहकारी यांचें हें काम. पुढील वर्षीं, म्हणजे १९९७ मध्यें, टॅबी उंदरांतील बिघाड तंतोतंत त्याच जनुकांत आहे असें सिद्ध झालें. या जनुकापासून होणाऱ्या प्रथिनाला 'एक्टोडिस्प्लेसिन' म्हणतात. अंकुर बसविण्याच्या कामीं जे निरोप लागतात त्यांपैकीं हा एक.

आणखी एक मौजेची गोष्ट अशी कीं, उंदीर पाळणाऱ्या शास्त्रज्ञांजवळ 'डाउनलेस' आणि 'क्रिंकल्ड' असे आणखी दोन वाण पूर्वींपासून होते. ते दिसण्यांत टॅबीसारखेच, परंतु त्यांचा वारसा एक्सवरून येत नसे. तीन निरनिराळ्या घराण्यांत एकच चेहरा कसा, हें कोडें पुष्कळ वर्षें पडून होतें. १९९९ मध्यें डाउनलेसचें आणि २००१ च्या सुमारास क्रिंकल्डचें जनुक सांपडलें, तेव्हां तें उलगडलें. टॅबींत पत्रच लिहिलें जात नाहीं. डाउनलेसमध्यें पत्र येतें परंतु तें घेणारा दारांत नाहीं. क्रिंकल्डमध्यें पत्र घेतलें जातें, परंतु तें आंत मालकापर्यंत पोंचविणारा नोकर नाहीं. तिन्ही घरीं परिणाम एकच : निरोप पोंचत नाहीं, अंकुर बसत नाहीं.

मनुष्यांतहि ग्राहकाच्या म्हणजे पत्र घेणाऱ्याच्या जनुकांतील दोषानें हाच विकार होतो आणि त्याचे कांहीं प्रकार आई व बाप या दोघांकडून एकेक सदोष प्रत मिळाल्यावरच प्रकट होतात. तेव्हां 'पितृज कीं मातृज' या प्रश्नाला एकच उत्तर नाहीं. कांहीं कुटुंबांत तो मातेकडून येतो, कांहींत दोघांकडून. आणि कधीं कधीं तो फेरफार त्या मुलांतच प्रथम उद्भवलेला असतो, पूर्वजांपैकीं कोणाकडूनच आलेला नसतो.

याच ग्राहकाच्या जनुकांत चीन, जपान इत्यादि पूर्वेकडील लोकांत एक लहानसा बदल सर्रास आढळतो, आणि त्यांच्या जाड केसांचें तें एक कारण आहे. तो बदल उंदरांत घडवून आणला तेव्हां उंदरांचे केसहि जाड झाले आणि तळव्यांतील स्वेदग्रंथि वाढल्या, असें २०१३ मध्यें प्रसिद्ध झालें. सारांश, एकाच जनुकमालिकेंतील एक अक्षर बिघडलें तर विकार होतो आणि दुसरें बदललें तर नुसता वेगळेपणा येतो. ज्याला आपण जातीचा किंवा देशाचा चेहरा म्हणतों त्याचें गूढ पुष्कळदां एवढेंच असतें.

वेळ साधणें

कारण सांपडलें म्हणजे उपाय सांपडला असें नव्हे. बहुतेक आनुवंशिक विकारांत बिघडलेलें जनुक दुरुस्त करणें हें फार कठीण काम असतें. परंतु येथें एक सोय होती. उणीव होती ती एका निरोपाची, आणि हा निरोप देहाला जन्मभर लागत नाहीं; अंकुर बसण्याच्या थोड्या दिवसांतच तो मुख्यतः लागतो. तेवढ्या दिवसांत तो बाहेरून पुरविला तर ?

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ओलिव्हिए गैद आणि पास्कल श्नायडर यांनीं हा प्रयोग २००३ मध्यें प्रसिद्ध केला. त्यांनीं एक्टोडिस्प्लेसिनला प्रतिपिंडाचा एक तुकडा जोडला. कारण आईच्या रक्तांतील प्रतिपिंडें वार ओलांडून गर्भाकडे जातात, त्यांच्या पाठीवर बसून हें प्रथिनहि जाईल. गर्भार टॅबी मादीच्या शिरेंत तें टोंचलें, आणि तिला झालेल्या पिलांच्या अंगावर केस आले, शेपटीवर लव आली, तळव्यांना घाम आला. औषध शरीरांतून केव्हांच नाहींसें झालें होतें, परंतु घडलेले अवयव जन्मभर टिकले. पुढें अमेरिकेंत हाच विकार असलेल्या कुत्र्यांच्या पिलांना जन्मानंतर औषध देऊन त्यांचे कायमचे दांत सुधारतां आले, असें २००७ मध्यें दिसून आलें.

तेव्हां मनुष्याच्या अर्भकांनाहि जन्मतांच औषध द्यावें असें ठरलें. कांहीं देशांत हा प्रयोग केला गेला, परंतु मुलांना घाम आला नाहीं. कारण उघड होतें. उंदराचें किंवा कुत्र्याचें पिलूं अपक्व स्थितींत जन्मतें; त्याचे पुष्कळसे अवयव जन्मानंतर घडतात. मनुष्याच्या स्वेदग्रंथि गर्भाच्या साधारणपणें विसाव्या ते तिसाव्या आठवड्यांत बसतात. जन्म होईपर्यंत दार बंद झालेलें असतें. पेरणीची वेळ टळल्यावर शेतांत कितीहि उत्तम बीं टाकलें तरी पीक कोठून येणार ?

जर्मनींतील एर्लांगेन येथील होल्म श्नायडर आणि त्यांचे सहकारी यांनीं मग औषध गर्भालाच देण्याचें ठरविलें. एका मातेचा पहिला मुलगा या विकारानें पीडित होता आणि तिच्या पोटांत जुळे होते. दोघांनाहि तोच विकार असल्याचें तपासणींत दिसलें. सव्विसाव्या आणि एकतिसाव्या आठवड्यांत सुईनें गर्भजलांत औषध सोडण्यांत आलें. गर्भ तें जल गिळतो आणि औषध त्याच्या आंतड्यांतून रक्तांत जातें. दुसऱ्या एका मातेच्या गर्भाला सव्विसाव्या आठवड्यांत एकदांच तें देण्यांत आलें. तिन्ही बालकांना नेहमींसारखा घाम येऊं लागला, आणि १४ ते २२ महिन्यांच्या वयापर्यंत त्यांना या विकारामुळें होणारें आजारपण आलें नाहीं. हा वृत्तान्त २०१८ मध्यें 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. तीन मुलांवरून सिद्धान्त ठरत नाहीं, हें जाणून पुढें अनेक देशांत मिळून मोठी चाचणी हातीं घेण्यांत आली. रोमकूपांची वेळ मात्र सव्विसाव्या आठवड्यापर्यंत बहुतांशीं उलटून गेलेली असते. म्हणून या उपायाचा मुख्य रोख केसांवर नसून घामावर आहे. केसापासून निघालेलें संशोधन केसाला मागें ठेवून प्राणापर्यंत गेलें तें असें.

आपल्या घरांत

या हकीकतींतून आपल्यासारख्या कुटुंबांनीं काय घ्यावें ? प्रथम एक व्यवहाराची गोष्ट. मुलाला उन्हाळ्यांत वारंवार कारण न कळणारा ताप येतो, अंग तापतें परंतु घामानें भिजत नाहीं, जावळ फार विरळ आहे, वर्ष उलटून बरेच महिने झाले तरी दांत दिसत नाहींत किंवा आलेले दांत सुळक्यासारखे टोंकदार आहेत, अशीं लक्षणें एकत्र दिसल्यास 'उशिरां येतील' म्हणून स्वस्थ बसूं नये. डॉक्टरांस सर्व लक्षणें एकत्र सांगावीं. एकेक वेगळें सांगितल्यानें त्यांची संगति लागत नाहीं. निदान झालें म्हणजे मुलाला गार जागीं ठेवणें, अंग ओल्या फडक्यानें पुसणें, पाणी वरचेवर देणें, उन्हांत खेळूं न देणें, आणि योग्य वयांत कृत्रिम दांत बसविणें, एवढ्या साध्या काळजीनेंहि अशीं मुलें चांगलीं वाढतात, शिकतात आणि संसार करतात.

दुसरी गोष्ट समजुतीची. मुलाचें जावळ काढल्यानें केस दाट येतात, अशी घरोघर समजूत आहे. जावळ हा संस्कार आहे आणि तो ज्यांना करावयाचा त्यांनीं अवश्य करावा. परंतु वस्तरा कातडीच्या वर चालतो आणि रोमकूपांची गणना त्याच्या खालीं, जन्मापूर्वींच होऊन चुकलेली असते. तेव्हां दोनदोनदां, तीनतीनदां गोटा करून मुलाला रडविण्यांत अर्थ नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती सांगण्यासाठींच हा लेख लिहिला. घरांत मूल सदोष जन्मलें कीं, दोष कोणाचा हा प्रश्न पहिल्यानें उठतो, आणि त्याचें उत्तर बहुधा सुनेच्या माहेरीं शोधलें जातें. वर सांगितलेला नियम अर्धाच ऐकणाऱ्या एखाद्यास वाटेल कीं, हें तर शास्त्रानेंच सिद्ध केलें. तसें मुळींच नाहीं. वाहक मातेनें तें जनुक मिळविलेलें नसतें. तें तिच्यावर तिच्या जन्मापूर्वीं सोंपविलें गेलेलें असतें. पुष्कळदां तें तिला तिच्या बापाकडूनच आलेलें असतें, म्हणजे 'मातृज' म्हटलेली वस्तु एक पिढी मागें गेलें कीं 'पितृज' ठरते. आणि आपल्या प्रत्येकाच्या अंगीं कोणतें ना कोणतें सदोष जनुक असतेंच. कोणाचें उघडकीस येतें, कोणाचें जोडीदाराच्या निर्दोष प्रतीआड झांकून राहतें, एवढाच भेद. अपराध हा कृत्याला असतो. अक्षर उतरून घेतांना लेखनिकाच्या हातून जो प्रमाद घडतो, त्यासाठीं पोथी वाचणाऱ्याला कोणी दंड करीत नाहीं.

उलट त्या मातेपासून समाजाला उपयोग होतो. घराण्यांतील कोणाला काय झालें, कोणत्या मामाला दांत नव्हते, कोणतें भावंड तापांत गेलें, हें बहुधा घरांतील वडील स्त्रियांनाच आठवतें, आणि डॉक्टरांना नेमका तोच वृत्तान्त हवा असतो. तो त्या मोकळेपणानें तेव्हांच सांगतील, जेव्हां सांगितल्याबद्दल त्यांच्या माथीं दोष मारला जाणार नाहीं अशी त्यांना खात्री असेल. सिंधमधील त्या घरच्या मुलींची हकीकत कोणीतरी नीट विचारून घेतली, म्हणून ती डार्विनच्या पुस्तकांत आली. त्या मुलींचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. आपल्या घरांतील लेकीसुनांस आपण तितक्याच आस्थेनें विचारावें, त्यांचें सांगणें नीट ऐकून लिहून ठेवावें आणि तो कागद घरच्या डॉक्टरांपाशीं द्यावा.